टाकीकाकांचं बसून जेवण

अंड्यांचे ट्रे तुम्ही पाहिले असतील. करडे, खळग्याखळग्यांचे, हाताला खरखरीत. अंडी संपली की त्या ट्रेचं करायचं काय ते कुणालाच सुचत नाही आणि टाकवतही नाहीत, म्हणून ते माळ्यावर साठत जातात. पण ते होतात कशाचे, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ते होतात रद्दीचे. जुनी वर्तमानपत्रं, फाटकी खोकी, नापास झालेल्या उत्तरपत्रिका, सगळं पाण्यात घालून घुसळतात. त्याचा लगदा होतो, तो एका मोठ्या टाकीत येतो आणि टाकीतून साच्यांवर जातो. टाकीतली पातळी उतरली की ट्रे पातळ निघतो आणि अंडं फुटतं. पातळी चढली की ट्रे जाड निघतो आणि भट्टीतून ओलाच बाहेर येतो. म्हणजे अख्ख्या कारखान्याची अब्रू त्या टाकीच्या हातात, आणि टाकी एका माणसाच्या हातात.

त्या माणसाला सगळे टाकीकाका म्हणत. टाकीशेजारी एक स्टूल, स्टुलासमोर भिंतीवर एक पेटी, पेटीवर एक बटण. सकाळी भोंगा झाला की काका स्टुलावर बसत ते संध्याकाळच्या भोंग्यालाच उठत. पातळी बघायची, बटण फिरवायचं, आत येणारा लगदा कमीजास्त करायचा. भट्टी एकदा थंड झाली की तापायला दोन तास घेते, म्हणून जेवणाच्या सुट्टीतही यंत्र चालूच असे आणि माणसं आळीपाळीने जेवत. काकांची पाळी कधी आलीच नाही. त्यांचा डबा स्टुलाच्या एका कडेला, एक घास, एक नजर, पुन्हा एक घास. अशी अकरा वर्षं गेली.

ही गोष्ट मात्र मीटरबाईची आहे. कारखान्यात जिथे जिथे काटा हलतो, दिवा लागतो किंवा कागदावर पेन रेघ ओढतं, ते सगळं तिच्या ताब्यात. कानामागे पेन्सिल, कमरेला पेचकस, आणि यंत्रांबद्दल बोलायची अशी रीत की नव्या माणसाला वाटावं ही शेजारपाजाऱ्यांच्या कागाळ्या सांगतेय. "दोन नंबरचा आज रुसलाय. भट्टीवरचा खोटं बोलतोय, मी काल त्याला पकडलं." कामात पक्की, तोंडाने फटकळ, आणि एका बाबतीत मात्र पक्की भित्री. ती बाब म्हणजे टाकीकाकांच्या समोरची पेटी.

त्या पेटीत एक कंट्रोलर होता. टाकीची पातळी आपली आपण सांभाळावी म्हणूनच तो बसवला होता, आणि तो अकरा वर्षं बिनकामाचा, मॅन्युअलवर पडून होता. तो तसा का पडून होता, त्यामागची खरी गोष्ट कारखान्यात फक्त दोघांना ठाऊक होती. एक काका आणि दुसरी ती.

मीटरबाई तेव्हा नवी नवी लागली होती. पाच दिवसांची सुट्टी आली. टाकी धुऊन रिकामी केली आणि जाताना ही कंट्रोलरला ऑटोवरच ठेवून गेली. आता कंट्रोलरचा स्वभाव असा असतो. त्याचा एक भाग आत्ताची चूक बघतो आणि तेवढ्यापुरता हात हलवतो. दुसरा भाग असतो इंटिग्रल. तो चूक किती वेळ चाललीय ते मनात धरून ठेवतो आणि जितका वेळ जाईल तितका जोर वाढवत नेतो. टाकी रिकामी, पाच दिवस रिकामी. हा आपला आत बसून मनात साठवतोय, साठवतोय. सुट्टी संपून लगदा सुटला तेव्हा तो टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह सताड उघडा. टाकी भरली तरी याचा राग काही उतरेना. भोंगा वाजून माणसं आत आली ती घोट्यापर्यंत लगद्यात.

कारखान्याचा नियम होता: पेटीला हात लावेल त्याने दाराच्या आतल्या कार्डावर तारीख, काय केलं ते, आणि सही लिहायची. मीटरबाईने तारीख घातली होती, 'ऑटोवर ठेवला' असं लिहिलं होतं, आणि सुट्टीच्या घाईत सही राहिली होती. साहेब तणतणत आले, पेटी उघडली, कार्ड पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची करामत?" मीटरबाई खाली लगद्याकडे बघू लागली. तेवढ्यात काका पुढे झाले, तिच्याच कानामागची पेन्सिल काढली आणि त्या ओळीपुढे आपली सही ठोकून दिली.

काकांना साहेबांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. त्या वर्षी मिळायची ती बढतीही हुकली. नंतर मीटरबाई डोळे पुसत त्यांच्याकडे गेली तर म्हणाले, "तू नवीन आहेस पोरी, तुला घरी बसवतील. मला कुठे बसवणार? मी आधीच टाकीपाशी बसलोय." मग त्यांनी कंट्रोलर मॅन्युअलवर टाकला आणि कानाला खडा लावला. पुन्हा ऑटोचं नाव नाही. मीटरबाईनेही विषय काढला नाही. खरं सांगायचं तर तिला धीरच होत नव्हता. पण काका एका हाताने डब्याचं झाकण उघडताना दिसले की ती आपला घास डब्यात परत ठेवायची.

मीटरबाईचा नवरा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एका सोमवारी संध्याकाळी ती घरी आली तर दुकानात काकू बसलेल्या, म्हणजे टाकीकाकांची बायको. मांडीवर एक निळं कापड.

"या शनिवारच्या पुढच्या शनिवारी यांचा शेवटचा दिवस," काकू म्हणाल्या. "निरोपाचं जेवण आहे कारखान्यात. मलाही बोलावलंय. म्हटलं, नवं काहीतरी शिवून घ्यावं."

"छान की," मीटरबाई म्हणाली.

"छान कसलं? हे म्हणतात, तुम्ही सगळे जेवा, मी टाकीपाशी असतो. अगं, स्वतःच्या निरोपाला माणूस हजर नको? अकरा वर्षं डबा भरतेय. रोज अर्धा परत येतो, गार होऊन. मला वाटायचं माझ्या हाताला चव नाही." काकूंनी कापडाची घडी उगाच उलगडून पुन्हा घातली. "एकदा त्यांना बसून जेवताना बघायचंय, एवढंच. काही इलाज आहे का तुझ्याकडे?"

शहाण्या माणसाने अशा वेळी 'बघते' म्हणावं. मीटरबाई म्हणाली, "काकू, त्या शनिवारी काका तुमच्या शेजारी बसून जेवतील. माझा शब्द."

काकू गेल्यावर नवरा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "कापायच्या आधी मापं घ्यावीत माणसाने."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांची परवानगी काढली आणि काकांपुढे उभी राहिली. काका हाताची घडी घालून म्हणाले, "लाव तुझा ऑटो. मी बघतो."

ऑटो लागला आणि कागदावर पातळीची रेघ ओढणारं पेन वर चढलं, खाली आलं, पुन्हा वर चढलं. थांबायचं नाव नाही. कारणही तिला दिसत होतं. व्हॉल्व्ह म्हातारा झाला होता. हळू ढकललं तर जागचा हलायचा नाही, आणि जोर वाढला की एकदम उडी मारायचा. इंटिग्रल बिचारा ढकलत राहायचा, व्हॉल्व्ह उडी मारायचा, पातळी पलीकडे जायची, मग उलट दिशेने तोच तमाशा. नवा व्हॉल्व्ह मागावा तर वरून उत्तर ठरलेलं: पुढच्या वर्षी. दुपारपर्यंत एका गाडीत कागदासारखे पातळ ट्रे आणि दुसरीत विटांसारखे जाड. काकांनी दोन्ही गाड्या बघितल्या आणि ते स्टुलावर जाऊन बसले. त्यांचं ते बघणं मीटरबाईला फार लागलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाई भाजीची चव घेत होत्या. मीठ घातलं, लगेच चाखलं, कमी वाटलं, आणखी घातलं. पुन्हा चाखलं, पुन्हा घातलं. जेवायला बसल्यावर पहिला घास घेऊन सगळ्यांनी एकदमच पाण्याच्या भांड्याकडे हात नेला.

"सासूबाई, आधीचं मीठ विरघळू तरी द्यायचं," मीटरबाई म्हणाली.

"आता अक्कल शिकवतेस? तुझ्या त्या टाकीला शिकव आधी," सासूबाई म्हणाल्या. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं.

पण मीटरबाईचा हात ताटातच थांबला. सकाळी जाऊन तिने इंटिग्रलचा वेग दहापट कमी केला. आधीचं विरघळू दे, मग पुढचं घाल. आणि काय सांगावं, पेन बऱ्यापैकी शांत झालं. गुरुवार चांगला गेला, शुक्रवार आणखी चांगला, शनिवारी तर पेनाने अशी सरळ रेघ ओढली की साहेब येऊन कौतुक करून गेले. मीटरबाई घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडायचीच बाकी राहिली होती.

सोमवारी काका निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी अर्धा दिवस ऑफिसात गेले. आणि टाकी पिसाळली. पेन खाली घसरत गेलं, ट्रे पातळ निघाले. दुपारी काका परत येऊन स्टुलावर बसले आणि अर्ध्या तासात सगळं सुरळीत. "बघा," साहेब म्हणाले, "टाकीलाही माणूस ओळखू येतो." सगळे हसले. मीटरबाईला हसू आलं नाही. पेटीतले आकडे सकाळी जे होते तेच दुपारीही होते. काका स्टुलावर बसले काय न् उठले काय, कंट्रोलरला कुठे डोळे आहेत?

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाल्यावर मंगळवारी तिने एक कारस्थान केलं. कुणाला न सांगता इंटिग्रल पार बंद करून टाकला. आता मनात धरून ठेवणारं पेटीत कुणी उरलंच नव्हतं. अशा वेळी पातळी ठरवून दिलेल्या खुणेच्या जवळ येते, पण बरोबर खुणेवर कधी येत नाही, चार बोटं इकडे नाहीतर तिकडे अडून बसते. हे तिला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. ती कोपऱ्यात उभी राहून पेनाकडे बघत राहिली. पेन खाली अडलं. थोडा वेळ गेला. मग पेन हळूहळू वर आलं आणि बरोबर खुणेवर, म्हणजे पन्नासवर, जाऊन टेकलं.

म्हणजे इंटिग्रल चालू होता. पेटीत नव्हता, तर कुठेतरी माणसात होता.

तिने स्टुलाकडे पाहिलं. स्टूल रिकामं. ती पाय न वाजवता टाकीच्या मागे गेली. मागे एक जुनी आडवाटेची नळी होती, व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला तर लगदा वळवायला म्हणून ठेवलेली, तिला लोखंडी हातचाक. चाकावर दोन्ही हात ठेवून टाकीकाका वाकले होते, आणि टाकीशी काहीतरी पुटपुटत होते.

"काका."

काका दचकले. चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखा चेहरा झाला. "तुझ्या त्या ऑटोची तगमग बघवेना गं," ते म्हणाले. "एकटाच ढकलतोय बिचारा. म्हटलं, जरा हात लावावा."

"किती दिवस लावताय?"

"बुधवारपासून."

मीटरबाईला राग आला, हसू आलं आणि रडू आलं, तिन्ही एकदम. सहा दिवस ती ज्या रेघेवर फुशारकी मारत होती ती रेघ या माणसाने टाकीमागे वाकून ओढली होती. शनिवार चार दिवसांवर. ती तिथेच एका पालथ्या बादलीवर बसली. "काका, खरं सांगा. तुम्हाला हे जमायला नकोच आहे का?"

काकांनी चाकावरचा गंज नखाने खरवडला. "जमलं तर बरंच आहे. आणि जमलं तर मी अकरा वर्षं इथे काय केलं, असंही वाटतं. दोन्ही वाटतं. तुला म्हणून सांगतोय."

मग तिने जे येत होतं तेच केलं. कानामागची पेन्सिल काढली. "उद्या मॅन्युअलवर टाकते. तुम्ही रोजच्यासारखं चालवा. मी नुसती बघणार."

बुधवारी ती स्टुलाशेजारी बादली मांडून बसली आणि काकांच्या हाताची प्रत्येक हालचाल वहीत उतरवली. किती वाजता, पातळी किती, बटण किती फिरवलं, मग किती वेळ थांबले. आधी काकांना अवघडल्यासारखं झालं, नंतर ते विसरून गेले. संध्याकाळी वहीत त्रेसष्ट नोंदी होत्या. ती घरी शिलाईच्या टेबलावर वही पसरून बसली आणि मोजता मोजता थबकली. शेहेचाळीस ते चोपन्न या पट्ट्यात पातळी असताना काकांनी एकदाही बटणाला हात लावला नव्हता. एकदाही नाही. हात गुडघ्यावर. पट्ट्याबाहेर गेली की मात्र एक ठसठशीत धक्का, म्हणजे अडकलेला व्हॉल्व्ह हलेलच. मग त्यातलं निम्मं परत. आणि मग थांबणं, चांगलं चहा निवेपर्यंत थांबणं.

गुरुवारी सकाळी तिने विचारलं, "काका, शेहेचाळीस ते चोपन्नमध्ये तुम्ही काहीच कसं करत नाही?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "मधे काय बिघडलंय?" ते म्हणाले.

अकरा वर्षं हे उत्तर तिच्यापासून दहा पावलांवर स्टुलावर बसलेलं होतं. पन्नास म्हणजे बरोबर पन्नास, हा हट्ट कुणाचा? टाकीचा नव्हता, ट्रेचा नव्हता, अंड्याचा तर नव्हताच. शेहेचाळीसला ट्रे चांगला, चोपन्नला चांगला. हट्ट मीटरबाईचा होता. त्या हट्टापायी कंट्रोलर मिठाच्या चार दाण्यांएवढ्या फरकासाठी दिवसभर मनात साठवत बसायचा आणि म्हाताऱ्या व्हॉल्व्हला ढोसत राहायचा. तिने कंट्रोलरला आता एक पट्टा आखून दिला. मीटरवाल्यांत त्याला डेडबँड म्हणतात, पण काकांचं वाक्य जास्त बरं आहे. या पट्ट्यात पातळी असेल तर इंटिग्रलने काहीही मनात धरायचं नाही, हात गुडघ्यावर. बाहेर गेली तर धक्का दमदार, आणि साठवणं सावकाश. सगळे आकडे वहीतून, म्हणजे काकांच्या हातातून घेतलेले.

शुक्रवारी चाचणी. पण आधी तिने पाना घेऊन टाकीमागचं हातचाक काढलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. काका बघत होते. "विश्वास नाही होय माझ्यावर?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या मायेवर नाही."

पेन शेहेचाळीस ते चोपन्नच्या मधे फिरत राहिलं, कधी एकावन्न, कधी अठ्ठेचाळीस, आळसावलेल्या माणसासारखं. साहेब म्हणाले, "मागच्या शनिवारची रेघ जास्त सरळ होती." मीटरबाई म्हणाली, "साहेब, ट्रे बघा." ट्रे सगळे सारखे होते.

शनिवारी साचेघराशेजारच्या खोलीत टेबलं जोडून पंगत मांडली. काकू निळा नवा पोशाख घालून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी काका. ते बसले, वाढणं झालं, आणि ते उठले. "आलोच," म्हणाले. मीटरबाईने दारात पाय आडवा घातला. ते बसले. एक घास घेतला, मान भिंतीकडे वळवली, जणू भिंतीपलीकडची टाकी दिसतेय. पुन्हा उठायला लागले. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"किती आहे?" काकांनी मीटरबाईला विचारलं.

"मधे आहे."

"मधे म्हणजे किती?"

"मधे काय बिघडलंय?" ती म्हणाली.

काका थांबले. मग हसले, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून जेवायला लागले. असे जेवले की बघत राहावं. दोनदा मागून घेतलं, वाढणाऱ्याची थट्टा केली, काकूंच्या ताटातलं उचललं. काकूंचं स्वतःचं जेवण तसंच राहिलं. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या. पलीकडून साच्यांचा आवाज एका लयीत येत राहिला.

जेवण झाल्यावर काका उठले ते सरळ टाकीकडे. मीटरबाई मागोमाग गेली. पेन एकोणपन्नासवर. तासाभराची रेघ पट्ट्याच्या आत. काका ती बघत राहिले आणि त्यांचे खांदे जरासे उतरले. "चालतं की माझ्याशिवाय," ते म्हणाले.

मीटरबाईने पेटीचं दार उघडलं. आत जुनं पिवळं कार्ड होतं. अकरा वर्षांपूर्वीची ओळ, 'ऑटोवर ठेवला', आणि तिच्यापुढे काकांची सही. ती सही आता एका सरळ रेघेने खोडलेली होती आणि तिच्याखाली मीटरबाईची सही होती, आजच्या तारखेची. "साहेबांना सकाळीच दाखवलं," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. बरंच बोलले. बोलू देत."

खाली नवी ओळ होती. तारीख, धक्का किती, थांबणं किती, पट्टा शेहेचाळीस ते चोपन्न. पुढची जागा रिकामी.

"आकडे ज्याचे त्याने सही करायची," मीटरबाई म्हणाली. "नियम आहे. ते आकडे माझे नाहीत." आणि कानामागची पेन्सिल काढून तिने पुढे केली.

काकांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिलीकडे हात नेला आणि मधेच मागे घेतला. हात भाजीने माखलेला होता, पार मनगटापर्यंत, पोटभर जेवलेल्या माणसाचा असतो तसा.

"थांब पोरी," ते म्हणाले, "हात खरकटे आहेत. धुऊन येतो."

आणि टाकीला पाठ करून ते नळाकडे गेले, अजिबात घाई न करता.